सात पाकिटं आणि नेहमीचं

“राज्य बुडतं ते तलवारीनं न्हाई, हिशेबानं बुडतं!”

विश्वासराव घारगे हे वाक्य उभं राहून बोलले. बसून बोलायचं वाक्य नव्हतंच ते. उषाताईंचा चौदावा आदल्या दिवशी उरकला होता, पाहुणे पांगले होते, ओसरीवर मुलगा अंशुल आणि सून उन्नती एवढीच राहिली होती. “आजपासून या घरात पै न् पैचा हिशेब होनार. घारग्यांचं घर हाय हे. चार महिन्यांत दाखवून देतो, कारभार म्हंजे काय असतो ते.”

एवढं बोलून ते देवापुढं दिवा लावायला आत गेले. थोड्या वेळानं आतून आवाज आला, “सूनबाई, काडीपेटी कुठं असते गं?”

भांडण झालं होतं ते असं. अंशुलचं म्हणणं, आई गेली, आता बाबांनी पागापुऱ्यात एकट्यानं राहायचं नाही. शेत तसंही बटाईनं, वाट्यानं दिलेलं, म्हैस विकून टाकायची, घराला कुलूप घालायचं आणि ग्वाल्हेरला बिर्लानगरात यायचं. तिथं दोन खोल्या आहेत, बालकनी आहे, बालकनीत कुंडी आहे, कुंडीत तुळस आहे. माणसाला आणखी काय पाहिजे?

“बाबा, जरा समझो न,” अंशुल म्हणाला होता. “इथं कोण बघणार तुम्हाला? आणि खर्चाचं काय? तुम्हाला तर हेसुद्धा मालूम नाही की या घराला महिन्याला किती लागतं.”

“किती लागतं?” विश्वासरावांनी विचारलं.

“बघा! मलाच विचारून राहिले!”

खोटं नव्हतं. एक्केचाळीस वर्षं दुधाचे आणि पिकाचे पैसे आले की विश्वासराव ते उषाताईंच्या हातावर ठेवत आणि हात झटकत. पुढं त्या पैशांचं काय होतं हे त्यांना विहिरीत टाकलेल्या खड्याइतकंच ठाऊक होतं. रोज दोन वेळा ताट समोर येई, त्यावरून खडा बरोबर पडतो आहे एवढं कळे.

तर विश्वासरावांना जायचं नव्हतं. का, असं विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गावावर त्यांचं फार प्रेम होतं अशातला भाग नाही. घरावरही नव्हतं. बायको गेल्यापासून त्यांना काही वाटेनासंच झालं होतं. रडू आलं नाही, भूक लागली नाही, झोप आली नाही आणि आली नाही याचं वाईटही वाटलं नाही. पण हे न वाटणं ठेवायला इथं निदान जागा होती. ओसरी होती, गोठा होता, मागं मोहरीचं वावर होतं. बिर्लानगरच्या दोन खोल्यांत ते कुठं ठेवणार?

शेवटी मधला रस्ता उन्नतीनं काढला. ती फूलबागेजवळ एका कोचिंग क्लासात फीच्या काउंटरवर बसायची, त्यामुळं रडणाऱ्या माणसाकडूनही पैसे मोजून घ्यायची तिला सवय होती. तिनं लग्नपत्रिकांची जुनी पाकिटं काढली, ज्यांच्यावर गणपती छापलेला असतो ती, आणि एकेकावर पेनानं नाव घातलं. किराणा, बावीसशे. म्हशीचा भुसा-सरकी, अडीच हजार. वीज, पाचशे. औषधं, चारशे. चहा-तंबाखू, तीनशे. देणंघेणं, पाचशे. किरकोळ, सहाशे.

“सात पाकिटं, सात हजार,” ती म्हणाली. “दुधाचे तेवढेच येतात, मी डेअरीत विचारून घेतलं. बाबा, एका पाकिटातलं दुसऱ्यात टाकायचं नाही. महिन्याच्या शेवटच्या रविवारी आम्ही येऊन बघू. चार महिने. चौथ्या महिन्यालाही सात हजारांच्या वर गेलं, तर संक्रांतीनंतर तुम्ही आमच्याकडे यायचं. कबूल?”

“वर कशाला जातंय?” विश्वासराव म्हणाले. “सात म्हंजे सात.”

त्यांनी देवघराशेजारी भिंतीत सात खिळे ठोकले आणि पाकिटं टांगली. सात गणपती एका रांगेत घारग्यांच्या कारभारावर नजर ठेवून बसले.

आता पागापुऱ्याचं थोडं सांगायला हवं. जुन्या काळी इथं घोडदळाची पागा होती, म्हणून हे नाव. घोडे गेले, घोडेस्वारांची सात घरं राहिली. त्या सातही घरांत एक रीत अजून पाळतात: पुरुषमाणूस तराजूसमोर उभा राहत नाही. ज्याच्या हाती तलवार शोभायची त्यानं बनियाच्या पुढ्यात उभं राहून अर्धा पाव जिरं मागायचं, हे दिसतं कसं? म्हणून किराणा बायका आणतात. घारग्यांचा मूळ पुरुष पागेत घोड्यांची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, मोजून द्यायच्या कामावर होता, म्हणजे जन्मभर तराजूशिवाय त्यानं दुसरं काही हाती धरलं नव्हतं, ही गोष्ट शेजारच्या भालचंद्राला माहीत होती. पण तो ती फक्त होळीला काढायचा.

पहिल्या महिन्यात किराण्याची वेळ आली तेव्हा विश्वासराव सायकल घेऊन बनवारी सेठच्या दुकानाकडं गेले, समोरच्या लिंबाखाली थांबले, दुकानाकडं पाठ केली आणि हवेत बोलले, “बनवारी, नेहमीचं.”

बनवारीनं दुकानातून पाहिलं. काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मग मिटलं. वीस मिनिटांनी त्यानं स्वतः पिशवी आणून सायकलच्या कॅरिअरला बांधली.

“कितने हुए?”

“अठ्ठाइस सौ चालीस, दाऊसाब.”

विश्वासरावांनी मोजून दिले. रीतही राहिली, किराणाही आला. सहाशे चाळीस रुपये तेवढे जास्त गेले.

घरी येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ओतली. जे लागत होतं ते काढून घेतलं. बाकीचं उचललं आणि आतल्या खोलीतल्या उषाताईंच्या कपाटात ठेवून दार लावलं. घरातलं जे आपल्या कामाचं नाही ते त्या कपाटात जातं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

स्वयंपाकाचं म्हणाल तर तेही जमलं. उषाताईंना त्यांनी चाळीस वर्षं पाठमोरं पाहिलेलं. डाळ उकळली की त्यांचा हात डावीकडच्या फळीवर जायचा आणि बरणीतली पांढरी चिमूट पातेल्यात पडायची. विश्वासरावही डाळ उकळली की डावीकडं हात घालीत आणि चिमूट टाकीत. फळीवर बरण्या दोन होत्या, दोन्हींत पांढरंच काहीतरी. त्यांच्या हाताला आधी लागायची ती मोठी.

डाळ काही लागायची नाही. घास तोंडात फिरायचा आणि पोटात जायचा, कोणी पत्र वाचून दाखवावं आणि ते दुसऱ्याचं निघावं तसं. विश्वासरावांनी मनाशी ठरवलं, बायको गेली की असंच असतं. जिभेची चव ती सोबत घेऊन गेली. यात तक्रार करण्यासारखं काही नाही.

रविवारी उन्नती आली, शहरातून बटाट्याची भाजी आणि पुऱ्या घेऊन. पाकिटं मोजली. “सहाशे चाळीस वर.”

“व्हईल पुढच्या महिन्यात बरोबर. नवा गडी, नवी बैलजोडी.” त्यांनी भाजीचा घास घेतला आणि थांबले. “सूनबाई, तुझा हात जरा खारट हाय.”

उन्नतीनं भाजी चाखून पाहिली. अंशुलला चाखायला लावली. परत जाताना मोटारसायकलवर ती बिर्लानगर येईपर्यंत रुसून होती.

दुसऱ्या महिन्यात विश्वासरावांनी तंबाखू सोडली. चहा एकदाच. सकाळी नऊला पिऊन टाकला की दिवस मोकळा. महिन्याच्या शेवटी चहा-तंबाखूच्या पाकिटात दोनशे दहा उरले, पण एका पाकिटातलं दुसऱ्यात टाकायचं नाही अशी अट होती, आणि किराण्याच्या पाकिटाला भोक तेवढंच. सहाशे चाळीस.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी संध्याकाळी दिवा लावणं बंद केलं. औषधाची गोळी एक दिवसाआड केली. माधवगंजातल्या डॉक्टरानं हाताला पट्टा बांधून फुगवला आणि म्हणाला, “वाह! प्रेशर एकदम बढिया. क्या कर रहे हैं आजकल?”

“बजट,” विश्वासराव म्हणाले.

भोक मात्र सहाशे चाळीसचंच.

एवढ्यात गावात काहीतरी बदललं होतं. विश्वासराव रस्त्यानं निघाले की पारावरची माणसं उठून उभी राहत. बायका पदर सावरून बाजूला होत. एकदा भालचंद्रानं चक्क त्यांच्या पायाला हात लावला, आणि भालचंद्र वयानं फक्त दोन वर्षांनी लहान होता.

हे सुरू झालं ते एका संध्याकाळपासून. भालचंद्र सहज डोकावला होता. विश्वासरावांनी त्याला अंधारातच वाटीभर डाळ दिली. भालचंद्रानं एक घास घेतला, वाटीकडं पाहिलं, विश्वासरावांकडं पाहिलं. विश्वासराव शांतपणे जेवत होते.

“दादा,” भालचंद्र म्हणाला. “रोज असंच?”

“रोज.”

“कधीपास्नं?”

“ती गेली तवापास्नं.”

“आनि किती दिवस?”

“चार महिन्यांचं तर बोललोय. पुढचं पुढं.”

भालचंद्रानं सगळी वाटी संपवली. शेवटचा घास गिळताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “न्हाई दादा, काय म्हनावं तुम्हाला! बाईमानसासाठी एवढं कोन करतंय? आमच्यानं एक दिवस व्हायचं न्हाई.”

“मनाचा निग्रो पायजे,” विश्वासराव म्हणाले. त्यांना निग्रह म्हणायचं होतं. वीज वाचवण्याचं एवढं कौतुक होईल असं त्यांना वाटलं नव्हतं. पण गावाला हिशेबाची कदर आहे हे पाहून बरं वाटायला हरकत नव्हती. वाटलं मात्र नाही.

त्या दिवसापासून भालचंद्राची बायको सुधाताई दर सोमवारी भाजी पाठवू लागली. तीही तशीच, तोंडात फिरून पोटात जाणारी. म्हणजे दुसऱ्याच्या घरचीही चव गेली, विश्वासरावांनी नोंद घेतली. उषाताई बरंच काही घेऊन गेल्या होत्या.

मग पौष आला आणि ग्वाल्हेरची थंडी पागापुऱ्यावर येऊन बसली. धुकं असं की म्हैस ओरडली की कळायचं गोठा कुठं आहे. वावरातली मोहरी पिवळीधमक फुललेली, पण दिसायची नाही, फक्त तिचा उग्र वास यायचा. चौथ्या महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला तो न उजाडताच. अंशुल आणि उन्नती मोटारसायकलवरून आली तेव्हा दोघांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या.

उन्नतीनं शेकोटीवर हात धरले, मग एकेक गणपती खिळ्यावरून काढून ओसरीवर मांडला. मोजायला वेळ लागला नाही.

“सहाशे चाळीस,” ती म्हणाली.

अंशुलनं मफलर सोडला. “झालं बाबा. चार के चार महिने. आता बहस नाही हं. मी म्हशीसाठी एका माणसाशी बोलून ठेवलंय, मंगळवारी बघायला येतोय.”

म्हशीनं गोठ्यात मान हलवली, साखळी वाजली. विश्वासरावांनी पंच्याची घडी उलगडून पुन्हा घातली.

“थांबा न,” उन्नती म्हणाली. ती पाकिटांकडं पाहत होती. “दर महिन्याला तेवढंच कसं? चोर असता तर कधी पाचशे नेले असते, कधी नऊशे. एवढा शिस्तीचा चोर नसतो. बाबा, किराण्याची चिठ्ठी दाखवा.”

“चिठ्ठी कसली? बनवारी आकडा सांगतो. मी लिंबाखाली असतो.”

“लिंबाखाली?”

“मग काय तराजूपुढं उभा राहू?”

उन्नतीनं अंशुलकडं पाहिलं. अंशुलनं हात जोडून वर पाहिलं. ती त्यांची खानदानी गोष्ट होती, त्यात तो काही करू शकत नव्हता.

“बरं, मागता काय?”

“नेहमीचं.”

“आणि आलेलं सामान ठेवता कुठं?”

“जे लागतं ते घेतो. बाकीचं तिच्या कपाटात.”

उन्नती आत गेली. कपाटाचं दार कुरकुरलं. मग ती एकेक वस्तू आणून ओसरीवर पाकिटांच्या शेजारी मांडू लागली. मशेरीच्या पुड्यांची चळत. मोगऱ्याच्या तेलाच्या चार बाटल्या. गुडघ्याला चोळायच्या तेलाच्या चार बाटल्या. आठ किलो साबुदाणा. शेंगदाण्याच्या चार पिशव्या. मिठाच्या चार थैल्या, न उघडलेल्या. “मीठ तर घरात लागतंच,” असं पुटपुटून तिनं त्या बाजूला ठेवल्या आणि बाकीच्याचं गणित बोटांवर केलं. “मशेरी साठ. केसांचं तेल एकशे दहा. गुडघ्याचं एकशे ऐंशी. साबुदाणा एकशे चाळीस. दाणे दीडशे.” ती थांबली. “सहाशे चाळीस.”

ओसरीवर उषाताईंचे चार महिने मांडून ठेवले होते. केस विंचरायचे, गुडघे चोळायचे, चतुर्थ्या धरायचे.

अंशुल भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागला. बराच वेळ वाचलं. “बाबा,” त्यानं तिकडंच तोंड ठेवून विचारलं, “तुम्हाला समजलं नाही?”

“बाकीचं न्हाई समजलं. मशेरी समजली.”

“मग?”

“नेहमीचं मागितलं व्हतं. नेहमीच्यात ती व्हती.”

उन्नतीनं नाक ओढलं, थंडीनंच असेल, आणि काउंटरवरच्या आवाजात म्हणाली, “म्हणजे तुमचा स्वतःचा खर्च चारही महिने सात हजारांच्या आतच आहे. पण हे बंद करायला हवं. मी जाऊन सांगून येऊ दुकानात?”

विश्वासरावांनी पंचा खांद्यावर टाकला. “न्हाई. कारभार माझा हाय.”

लिंबापर्यंत पाय सवयीनं गेले आणि थांबले. धुक्यात दुकानाचा पिवळा दिवा तेवढा दिसत होता. पागापुऱ्याचा एकही घारगे कधी या लिंबाच्या पलीकडं गेला नव्हता. विश्वासराव गेले. तीन पायऱ्या चढले आणि तराजूसमोर उभे राहिले. तराजू आता विजेवरचा होता, त्यावर लाल शून्य चमकत होतं.

बनवारी गादीवरून अर्धवट उठला. “दाऊसाब? आप?”

“वह हमेशा वाला क्या है, पढ़कर सुनाओ.”

बनवारीनं चोपडी काढली, पान शोधलं. पानाच्या डोक्यावर ‘उषा बाईसाब’ लिहिलं होतं. तो हळू वाचू लागला. आटा, तूर डाळ, शक्कर, चाय, नमक. विश्वासराव मान हलवीत गेले.

“मोगरे का तेल.”

“काटो.”

“घुटने का तेल.”

“काटो.”

साबुदाणा खोडला. दाणे खोडले. पेन्सिल बोथट होती, दर वेळी कागद कुरकुरत होता.

“मशेरी,” बनवारी म्हणाला आणि पेन्सिल उचलून धरली. “दाऊसाब, मैंने पहले महीने ही पूछना चाहा था. फिर सोचा, आप कुछ सोच के ही मँगाते होंगे. बड़े घर की बात है.”

“काटो,” विश्वासराव म्हणाले.

रेघ ओढली गेली. त्यांनी थोडं थांबून पाहिलं, आता तरी काही होतंय का. नाही झालं. पायांना गार लागत होतं, तेवढंच. बनवारीनं पानाच्या डोक्यावरचं नाव तसंच ठेवलं. विश्वासरावांनीही तिथं ‘काटो’ म्हटलं नाही.

घरी परतले तर ओसरीवर आवाज चढलेला. भालचंद्र अंशुलसमोर उभा राहून हातवारे करीत होता, मागं सुधाताई पदर तोंडाला लावून.

“म्हैस इकतोस? ह्या मानसाला हितनं नेतोस? अरे लेका, तुला म्हाईत तरी हाय का तुझा बाप काय करून राहिलाय? चार महिने झाले, चार! बाई गेल्यापास्नं ह्या मानसानं मीठ सोडलंय!”

“मीठ?” अंशुल म्हणाला.

“मीठ! अळनी डाळ खातोय मानूस. माझ्या ह्या तोंडानं खाल्लीय मी. एका शब्दानं कुनाला बोलला न्हाई. आमची ही सुधा दर सोमवारी बिगर मिठाची भाजी देती, व्रत मोडू नये म्हनून. आख्खा पुरा पाया पडतोय त्यांच्या. असा मानूस तू बालकनीत ठिवनार? कुंडीत?”

विश्वासराव पायरीवर होते तिथंच थांबले. चार महिन्यांतली प्रत्येक डाळ, प्रत्येक सोमवारची भाजी, डॉक्टरचं बढिया प्रेशर आणि सुनेचा खारट हात, सगळं एका रांगेत येऊन त्यांच्यासमोर उभं राहिलं, खिळ्यांवरच्या गणपतींसारखं.

अंशुलनं वळून बापाकडं पाहिलं. त्याचे डोळे भरले होते. तो पुढं आला आणि वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. मंगळवारच्या माणसाला फोन करतो म्हणाला, येऊ नको म्हणून सांगतो. भालचंद्रानं शेजाऱ्याचा विजय आपलाच असल्यासारखा फेट्याला हात लावला. त्या खारट भाजीचा काहीतरी उलगडा झाल्यासारखी उन्नतीची मान हळूहळू हलू लागली.

विश्वासराव काही बोलले नाहीत. अशा वेळी न बोलणंच शोभतं, हे त्यांना सैन्याच्या खानदानात असल्यामुळं जन्मजात ठाऊक होतं.

दुपारी धुकं जरा उठलं, मोहरीचा पिवळा तुकडा दिसू लागला. भालचंद्र-सुधाताई घरी गेली. अंशुल मोटारसायकलला किक मारत बसला होता, ती थंडीनं गारठून सुरू होत नव्हती. उन्नती चुलीपाशी रिकामा डबा धुवून पुसत होती. विश्वासराव तिच्याजवळ आले. बाहेर एकदा पाहिलं. मग डावीकडच्या फळीवरच्या दोन बरण्यांकडं बोट दाखवून, अंशुलला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले,

“सूनबाई, जायच्या आधी यातली मिठाची कंची, तेवढं सांगून जा.”